भेटीचं कारण

मंगळवारी सकाळी कारखान्याच्या फाटकावर जो तमाशा चालला होता, त्याच्याशी कयलविळीचा काडीचाही संबंध नव्हता. कुरिअरवाल्याकडून एक लखोटा घ्यायला ती खाली उतरली होती. तो घ्यायचा नि परत वर जायचं, बस. पण आडी महिन्यातला, तमिळ आषाढातला, पालघाटकडचा वारा सुटला होता, आणि पहारेकरी माराप्पन एका हातानं डोक्यावरची टोपी, दुसऱ्या हातानं वही दाबून धरत एका तरुण माणसाला आत सोडायचं साफ नाकारत होता. असं काही दिसलं की कोणाचेही पाय जरा रेंगाळतातच.

"यादीत नाव नाही तुमचं. नाव नाही तर आत नाही."

"अहो, तुमच्याच कंपनीनं बोलावलंय मला. परवानग्या दुरुस्त करायला आलोय."

"मग आधी स्वतःची परवानगी आणा की!"

कयलला हसू आलं. ते लपवायला ती ओढणी सावरायला गेली, तर वाऱ्यानं ओढणीच तोंडावर आणून टाकली. बाजूला करून पाहते तो तो माणूस तिच्याकडेच बघत होता. उंच, सावळा, चष्म्यावर प्रवासाची धूळ, खांद्याला जडशी बॅग. हसणाऱ्या माणसावर रागवावं की त्याची मदत घ्यावी, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट चालला होता.

"कसल्या परवानग्या?" तिनं विचारलं.

"ड्रॉइंग ठेवायची पेटी आहे ना तुमची... ती म्हणे लोकांना आत घेत नाही."

"ती आणि आमचे माराप्पन अण्णा एकाच वळणावर गेलेत," कयल म्हणाली. "अण्णा, सोडा त्यांना. माझ्याकडेच आलेत ते."

"तुमच्या जबाबदारीवर हं, अम्मणी," माराप्पननं बजावलं आणि वही पुढे सरकवली. त्या माणसानं लिहिलं. नाव : इनियन. गाव : मदुरै. कोणाला भेटायचं : इथं तो थांबला.

"लिहा, कयलविळी."

त्यानं लिहिलं. पुढचा रकाना होता भेटीचं कारण. तिथं त्यानं आपणहून लिहिलं, 'पेटी.' अक्षर वळणदार होतं. कयलनं ते पाहिलं, आणि आपण पाहिलं हे स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

कोइमतुरात पंपांचे कारखाने कमी नाहीत. हा त्यातलाच एक मध्यम. ड्रॉइंग विभागात अकरा माणसं, आणि अकराही जणांचं काम सर्व्हरच्या खोलीतल्या एका काळ्या पेटीत साठवलेलं. पूर्वी पेटीला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता, कोणीही उघडावं. महिन्यापूर्वी ते बदललं. आता मुख्य सर्व्हरवर प्रत्येकाचं नाव नोंदलेलं होतं, आणि सर्व्हरनं ओळख दिली तरच पेटी दार उघडायची. कल्पना चांगली होती. फक्त तेव्हापासून दिवसातून एकदा, कधीही, पेटी सगळ्यांना ओळखेनाशी व्हायची. पडद्यावर पाटी यायची, 'आपल्याला परवानगी नाही.' तास-दीड तास हे सोंग चालायचं, मग पेटीबाई आपोआप शहाण्या व्हायच्या.

कोणाला काय उघडता यावं याची यादी कयलच्या ताब्यात होती, त्यामुळे बोलणी तिच्याच वाट्याला यायची. त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. अठराव्या वर्षी ती इथं नुसती ड्रॉइंग गिरवायला लागली होती. नाचिमुत्तू सरांनी, म्हणजे विभागातल्या सगळ्यात जुन्या माणसानं, तिला हाताला धरून शिकवलं. आता सहा वर्षांनी एका नव्या इंपेलरचं, पंपाच्या पोटात फिरणाऱ्या चाकाचं ड्रॉइंग पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनं एकटीनं केलं होतं. पंधरा दिवसांत ते पास होणार, आणि खाली कोपऱ्यात 'रेखन' या शब्दापुढे तिचं नाव येणार. घरी आईला तिनं अजून सांगितलं नव्हतं. नाव आलं की छापील कागदच दाखवायचा होता.

दुपारी बरोबर तीन वाजता पेटी रुसली. इनियन या टेबलावरून त्या टेबलावर धावत सुटला.

"बोल ना, काय दुखतंय तुला?" तो कॉम्प्युटरला विचारत होता. "नाव बरोबर आहे, गट बरोबर आहे, फोल्डरची परवानगी बरोबर आहे. मग कसला राग?"

"आज त्या कोणाचंच ऐकायच्या नाहीत," कयल म्हणाली.

"कोण त्या?"

"पेटी."

तो मागे वळला. "पेटीलाही अहो-जाहो?"

"आमच्या गावात कुत्र्यालाही 'या, बसा' म्हणतात."

"आणि तो चावला तर?"

"तर 'असं करू नये' म्हणतो."

इनियन खळखळून हसला. मदुरैचा माणूस, हसणंही मोकळंढाकळं. मग सहज तो तिच्या टेबलाशी आला, तिच्या कॉम्प्युटरवर पेटी उघडायला गेला — आणि ती उघडली. एका फटक्यात. त्याचं हसू तिथल्या तिथं थांबलं. कयललाही ते जाणवलं, पण साडेचारला सगळ्यांचंच सुरळीत झालं आणि विषय राहून गेला.

बुधवारी माराप्पननं त्याला पुन्हा वही दिली. बाहेरच्या माणसानं रोज नव्यानं नोंद करायची असा नियम. कोणाला भेटायचं : कयलविळी. भेटीचं कारण : तेच.

"रोज तुमचं नाव लिहितोय," कँटीनमध्ये आप्प्यांसारख्या पणियारमची बशी तिच्यापुढे सरकवत तो म्हणाला. "स्पेलिंग पाठ झालं. परीक्षेत विचारलं तरी चुकणार नाही."

"पणियारम कशाबद्दल?"

"काल जामीन राहिलात त्याबद्दल."

"जामीन एका बशीत सुटत नसतो."

"मग उद्याही आणतो," तो कपातली कॉफी ढवळत म्हणाला. "एक विचारू? सगळ्यांचं दार बंद होतं, तेव्हा तुमचंच कसं उघडतं?"

पणियारम हातातच राहिलं. त्यानं विचारलं सरळ होतं, आवाजात संशय नव्हता. पण प्रश्न तो प्रश्नच.

"मला काय ठाऊक! ते शोधायला तुम्हाला बोलावलंय ना?"

"तेही खरं," तो म्हणाला.

बारा वाजता पेटी पुन्हा रुसली, दीडला माणसात आली. चारच्या सुमारास धाकट्या मालकांनी इनियनला बोलावून घेतलं, आणि पाच मिनिटांनी कयलला. धाकटे मालक वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीचं एका वाक्यात उत्तर हवं असायचं.

"सगळ्यांचं बंद, तुमचं एकटीचं उघडं. यादी तुमच्या हातात. आता मी काय समजायचं, तुम्हीच सांगा."

कयलनं इनियनकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"मी कशाला बंद करीन, साहेब?"

"तेच मी विचारतोय. शुक्रवारी यांचा अहवाल येऊ दे. दुसरं काही कारण निघालं तर उत्तम. नाही निघालं, तर शनिवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा. ड्रॉइंगला नको."

पॅकिंग म्हणजे खोकी मोजणं. बाहेर व्हरांड्यात येऊन तो मागून येईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं. जे पाहिलं ते लपवू कसं?"

"लपवा म्हणत नाही मी. आधी मला तरी सांगायचंत!"

"तुम्हालाच तर आधी विचारलं होतं... पणियारम खाताना."

तिला जास्तच राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा राग कोणाचाच येत नाही. त्या संध्याकाळी ती बसस्टॉपपर्यंत चालली तेव्हा वारा सारखा ओढणी ओढत होता, आणि ती इंपेलरचा विचार करायचा ठरवून त्या माणसाचा विचार करत होती. म्हणजे भांडणाचाच. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

गुरुवारी त्यानं वहीत तिचं नाव लिहिलं तेव्हा ती फाटकाकडे फिरकलीसुद्धा नाही. माराप्पननं वर फोन केला, "अम्मणी, तुमचा पेटीवाला आलाय." ती म्हणाली, "माझा नाही, कंपनीचा," आणि फोन ठेवला.

एकच्या सुमाराला कँटीनमध्ये तो तिच्यासमोर येऊन बसला. न विचारता. हातात एक कागद होता.

"रागावा, पण एकदा बघा. गेल्या तीन आठवड्यांत केव्हा केव्हा अडलं त्याच्या खुणा तुम्हीच करून ठेवल्या होत्या. मी त्या वारांप्रमाणे मांडल्यात. मला वाटलं होतं वेळ कशीही बदलते. तसं नाही. प्रत्येक वाराची ठरलेली वेळ आहे. सोमवारी ऑफिस उघडल्यापासून नऊपर्यंत. मंगळवारी तीन ते साडेचार. बुधवारी बारा ते दीड. आज गुरुवार, म्हणजे दीड ते तीन. शुक्रवारी साडेदहा ते बारा, शनिवारी नऊ ते साडेदहा. रात्रभर डोकं खाजवलं. यंत्र असं वागत नाही हो. कुठलंच यंत्र वाराप्रमाणे मूड बदलत नाही."

कयलनं कागदावर नुसती नजर टाकली आणि तिच्या तोंडातून बाहेर पडलं, "अय्यो! हा तर राहुकाळ!"

"काय?"

"राहुकाळ! रोजची दीड तासाची अशुभ वेळ, तुम्हाला माहीत नाही? घरात पंचांग नसतं का तुमच्या?"

"नसतं," इनियन म्हणाला. "माझे वडील असल्या गोष्टींविरुद्ध भाषणं देत गावोगाव हिंडलेत. भिंतीवर साधं दिनदर्शिकेचं पानही तपासून लावतात. राहुकाळ असतो एवढं ऐकलंय, पण कधी असतो..." बोलता बोलता तो थबकला. मग त्यानं स्वतःच्या कपाळावर अशी काही मारून घेतली की शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. "घड्याळ! पेटीचं घड्याळ कोणीतरी हलवतंय!"

"घड्याळाचा काय संबंध?"

"सर्व्हर ज्याला-त्याला ओळखीची चिठ्ठी देतो. तिच्यावर वेळ असते. पेटीच्या घड्याळात आणि त्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की पेटी ती चिठ्ठी खोटी समजते. तुम्ही, मी, मालक... सगळे तिला तोतये! मी तीन दिवस माणसांची नावं तपासत बसलो. पेटीचं घड्याळ मात्र सगळं सुरळीत झाल्यावरच पाहिलं, तेव्हा ते बरोबरच असणार!" मग त्याचा आवाज जरा खाली आला. "आणि तुमचं का उघडतं तेही कळलं. महिन्यापूर्वी बदल केला त्या दिवशी तुम्ही होतात का?"

"नव्हते. मावसबहिणीच्या पोराचे कान टोचायचे होते."

"म्हणून तुमच्या कॉम्प्युटरवर जुना सगळ्यांचा पासवर्ड तसाच राहिला. तो वेळ विचारत नाही. तुमचा यात काडीचा दोष नाही."

कालपासूनचा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळावर नजर गेली. एक वाजून सव्वीस मिनिटं. राहुकाळ काटेकोर पाळणारा आणि पेटीचं घड्याळ लावायचा पासवर्ड ठाऊक असणारा विभागात एकच माणूस होता.

"चला," ती उठत म्हणाली. "दीडला कळेलच कोण ते."

इनियन उठता उठता परत खाली बसला.

"तुम्ही जा. माझी कॉफी राहिलीय."

"कॉफी? आत्ता?"

"गार झाली की मला चालत नाही," तो कपात बघत म्हणाला.

काय माणूस आहे! तिची नोकरी टांगणीला लागली होती, आणि याला कॉफी सुटत नव्हती. ती तरातरा वर गेली.

नाचिमुत्तू सर आपल्या जागी बसले होते. सदुसष्ट वर्षांचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बाहीला अजूनही जुन्या सवयीनं लावलेलं कापडी आवरण. दीडच्या ठोक्याला त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि बोटानं हलकेच एक कळ दाबली. पडद्यावर पेटीचं घड्याळ तीन वाजून पाच मिनिटांवर गेलं. मागे कोणीतरी ओरडलं, "झालं! बसली पुन्हा रुसून!"

"सर," कयल त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "हे तुम्ही रोज करता?"

"करतो, अम्मणी. किती वर्षं झाली." त्यांना लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "कागदाच्या काळात बरं होतं. ड्रॉइंग हातात धरून थांबायचं, वेळ टळली की सही. आता खालून फोन येतो, आत्ताच्या आत्ता पाठवा. नाही कसं म्हणायचं? आणि ही पेटी प्रत्येक फाइलवर आपली वेळ छापते. एका साली राहुकाळात एक ड्रॉइंग गेलं होतं माझ्या हातून. अख्खा ओतीव माल तडकला, भट्टीवरच्या एका माणसाचा पाय गेला. म्हणून मी वेळ पुढे करून ठेवतो. माझ्या एकट्यासाठी नाही, तुम्हा सगळ्यांच्या ड्रॉइंगसाठी. संपला की परत जागेवर."

"पण सर, त्यामुळेच तर सगळ्यांचं बंद पडतं!"

"त्यामुळे? मी आपला समजत होतो, राहुकाळ आहे, कामं अडणारच."

कयलला हसावं की रडावं ते कळेना. अकरा माणसं महिनाभर बोंबलत होती, आणि या भल्या माणसाला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. मग सरांच्या सगळं लक्षात आलं.

"म्हणजे मालकांनी तुला जे सुनावलं... ते माझ्यामुळे?"

"तुम्ही काही बोलू नका, सर. हात जोडते."

ती इनियनला शोधत खाली आली. त्याला सांगायचं होतं, पटवायचं होतं, वेळ पडली तर भांडायचंही होतं. या वयात सरांना घरी बसवलं तर ते आठ दिवस काढणार नाहीत. ती स्वतः पॅकिंगला बसेल एकवेळ... असं तिनं मनात म्हटलं, आणि म्हणताना कोपऱ्यातलं ते नाव डोळ्यांसमोर आलं, तेव्हा डोळे भरून आले. इनियन सर्व्हरच्या खोलीच्या दारात भेटला.

"ऐका, घड्याळ हलवणारे—"

"जरा फोन आहे," तो म्हणाला आणि बंद फोन कानाला लावून निघून गेला. संध्याकाळी तिनं पुन्हा गाठलं, तर "उशीर झाला, बस चुकेल," म्हणाला. पळपुटा! कयलनं मनातल्या मनात त्याला जे जे म्हटलं ते कोइमतूरच्या रीतीला धरून नव्हतं. अहो-जाहो त्यात कुठेच नव्हतं.

शुक्रवारची बैठक धाकट्या मालकांनी बारा वाजून पाच मिनिटांनी ठेवली. विभागातले सगळे उभे होते. नाचिमुत्तू सरांचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा दिसत होता. कयल त्यांच्या शेजारी उभी राहिली. ते पुढे सरले तर बाही धरता यावी म्हणून.

इनियननं अहवाल वाचायला सुरुवात केली. आवाज सपाट, किराणा मालाची यादी वाचावी तसा.

"पेटी महिन्यापूर्वी मुख्य सर्व्हरला जोडली. त्या वेळी पेटीचं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी बांधून टाकायचं असतं. ते बांधलं गेलं नाही. घड्याळ मोकळं राहिलं. ते सरकलं की पेटी कोणालाच ओळखत नाही. एका कॉम्प्युटरवर जुना पासवर्ड राहून गेला होता, तेवढाच चालत होता. त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांचा यात काहीही दोष नाही. जोडणीचं काम आमच्या कंपनीचं होतं. ते आमच्या ऑफिसात बसून, लांबूनच करणारा माणूस : इनियन. म्हणजे मी. चूक माझी आहे. काल संध्याकाळी घड्याळ बांधलं. आज सकाळपासून पेटी एकदाही अडलेली नाही."

मालकांनी एका वाक्याचं उत्तर मागितलं होतं. त्यांना ते मिळालं. तरी त्यांचा हात त्या वारांच्या कागदावर गेला.

"पण घड्याळ आपणहून दीड-दीड तास सरकतं होय? कोणीतरी सरकवलं असेल ना! कोण?"

बाही कयलच्या हातातून निसटायला लागली. तिनं ती घट्ट धरली.

"मी माझ्या डोळ्यांनी कोणाला सरकवताना पाहिलं नाही, साहेब," इनियन म्हणाला. "मला कोणी नावही सांगितलेलं नाही. जे पाहिलं नाही, ऐकलं नाही, ते मी लिहीत नसतो."

गार होणारी कॉफी. बंद फोन. चुकणारी बस. कयलच्या डोक्यात एकामागून एक सगळं जागेवर बसलं, आणि तिला खिडकीबाहेर बघावं लागलं. पळपुटा नव्हताच तो. पाहिलं असतं तर त्याला लिहावं लागलं असतं, म्हणून त्यानं पाहिलंच नव्हतं.

मालक कागद वाचत होते. सोमवार, मंगळवार, बुधवार. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग नाचिमुत्तू सरांच्या कपाळावरच्या विभूतीकडे, मग स्वतःच बारा पाचला ठेवलेल्या या बैठकीकडे. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात टाकली.

"घड्याळ बांधलंय ना आता?"

"बांधलंय."

"मग झालं तर. कयल, ते इंपेलरचं कुठवर आलंय?"

एवढ्यावर बैठक संपली. पण अहवालाची एक प्रत इनियनच्या कंपनीला जायची होती, ती गेली, आणि तासाभरात त्याला फोन आला. या वेळी फोन खराच होता. कयलनं दुरून पाहिलं, तो नुसता "हो" म्हणत होता.

दुपारी तो नाचिमुत्तू सरांच्या टेबलाशी आला. "सर, आता घड्याळ कोणालाच हलवता यायचं नाही. पण एक करता येतं. पास झालेल्या ड्रॉइंगचं जे फोल्डर आहे, त्यात राहुकाळात काही ठेवताच येणार नाही, असं करतो. वाचता येईल, ठेवता येणार नाही. खालून फोन आला तर सांगा, पेटीची परवानगी नाही."

सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तंबी, पोरा, वडिलांना चालेल का तुझ्या? अम्मणीनं सांगितलंय मला."

"कळलं तर घराबाहेर काढतील," इनियन म्हणाला. मग कयलकडे वळून, "आठवड्याच्या वेळा नीट लिहून देता? माझ्यावर विसंबू नका."

तिनं लिहून दिल्या. आजूबाजूला आठ-दहा माणसं होती. बोलायचं पुष्कळ होतं, आणि बोटं नुसती आकडे लिहीत होती. साडेपाचला तो बॅग उचलून निघाला.

"सोमवारपासून मला होसूरला टाकलंय," तो म्हणाला. "सहा तासांचा रस्ता. एवढी चूक केल्यावर इथं ठेवत नाहीत."

"बरं," कयल म्हणाली.

बरं! घरी जाऊन तिनं स्वतःला या एका शब्दाबद्दल इतकं बोलून घेतलं की आईनं विचारलं, ऑफिसात काही झालं का. नाही म्हणाली. जेवण गेलं नाही. माणूस आवडला होता, चांगलाच आवडला होता, आणि त्याला निरोप देताना तोंडातून निघालं ते 'बरं'.

शनिवारी दहा वाजून दहा मिनिटांनी माराप्पनचा फोन आला.

"अम्मणी, तो पेटीवाला नऊपासून समोरच्या करंजाच्या झाडाखाली उभा आहे. आत या म्हटलं तर म्हणतो, साडेदहानंतर. ऊन लागलंय की काय त्याला?"

कयलनं खिडकीतून पाहिलं. झाडाखाली तो खरंच उभा होता, वाऱ्यानं शर्ट फुगलेला, नजर मनगटावरच्या घड्याळाकडे. शनिवार. नऊ ते साडेदहा. तिनं स्वतःच लिहून दिलेलं. ती हसली, आणि जिना एकेक पायरी गाळत उतरली.

"आत का नाही आलात?"

तो दचकला. "अजून वीस मिनिटं आहेत."

"तुमच्या घरात पंचांग नाही ना?"

"माझ्या घरात नाही. तुमच्या असेल." तो चष्मा पुसायला लागला, जो स्वच्छच होता. "मला जे विचारायचंय... त्यात वेळेवरून अडायला नको. एका घड्याळापायी सगळ्यांना परवानगी नाकारलेली पाहिलीय मी."

"आणि मी राहुकाळ पाळते, असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"म्हणजे?"

"सर पाळतात, आई पाळते, मालकसुद्धा पाळतात. मी तर निम्मा इंपेलर राहुकाळात काढलाय. सगळ्यांची पेटी बंद, माझी उघडी, फोन नाही की हाका नाहीत. इतकी निवांत वेळ दिवसात दुसरी मिळत नव्हती."

"म्हणजे मी सव्वा तास उगाच..."

"उगाच. आता विचारा."

यंत्रांशी तासन् तास गप्पा मारणारा हा माणूस, त्याला शब्द सापडेना. "होसूर लांब आहे," तो म्हणाला. "पण शनिवारी मी येऊ शकतो. दर शनिवारी. कामाशिवाय. मला तुम्ही... काल तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात, तेव्हा वाटलं की संपलं. मग बसमध्ये वाटलं, विचारल्याशिवाय कसं संपेल? मला तुम्ही आवडता. फार."

वारा मध्येच थांबला होता. किंवा कयलला तसं वाटलं.

"मलाही," ती म्हणाली. "गार कॉफीच्या दिवशी तेवढे आवडला नव्हतात. पण आईला इतक्यात सांगता यायचं नाही, आडी महिन्यात लग्नाची बोलणी करत नाहीत, ती असलं काही ऐकूनच घेणार नाही. पुढच्या महिन्यात आवणी लागली की घरी या. आणि वडिलांना आधी सांगून ठेवा, आमच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली असते."

"त्यांना मी सांगीन," तो म्हणाला, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं हसू त्यानं मोकळं सोडलं. मदुरैचं हसू, रस्त्यापलीकडे ऐकू गेलं.

फाटकाशी माराप्पननं सवयीनं वही पुढे केली. इनियननं लिहिलं. नाव, गाव. कोणाला भेटायचं : कयलविळी. पुढच्या रकान्यावर पेन टेकलं आणि थांबलं. कयल शेजारी उभी राहून उगाच फाटकाचा रंग बघत होती. मग त्यानं तिथंही तेच वळणदार अक्षर काढलं. भेटीचं कारण : कयलविळी.

माराप्पननं वही जवळ घेतली, लांब धरली, परत जवळ आणली. "हे काय? दोन्हीकडे एकच? असं चालत नाही. कारण लागतं."

"तेच कारण आहे, अण्णा."

माराप्पननं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "अम्मणी, अजून साडेदहा वाजले नाहीत हं."

"सोडा त्यांना आत, अण्णा," कयल म्हणाली. "माझ्या जबाबदारीवर."